भक्षक पेशी जंतू पचवतात, मग फाउंड्रीची धूळ का पचत नाही?

कुपवाडकर_७

विषय घरचा आहे, पण प्रश्न विज्ञानाचा आहे म्हणून इथे विचारतोय.

आमचे आण्णा कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत फेटलिंगला होते. ओतलेलं कास्टिंग थंड झालं की त्याला चिकटलेली वाळू झाडायची आणि वर आलेल्या कडा, राहिलेले तुकडे ग्राइंडरने घासून काढायचे. तोंडाला रुमाल, बाकी काही नाही. वीसेक वर्षं हेच केलं. घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढरट दिसायच्या. आई त्यांना आधी अंगणात अंग झाडायला लावायची आणि मगच आत घ्यायची.

मागच्या काही वर्षांत जिना चढताना दम लागायला लागला, कोरडा खोकला सुरू झाला. आधी एका दवाखान्यात टीबी समजून गोळ्या दिल्या, काही फरक नाही. मग मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे आणि सीटी बघितला, आण्णांना कामाची सगळी हकीकत विचारली आणि सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, म्हणून सांगितलं. यावर औषध नाही, जे झालंय ते मागे फिरत नाही, असं स्पष्ट बोलले. बोलले ते बरं केलं.

आता प्रश्न. माझी मुलगी बारावीला आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकात तिला आकृती आहे : पांढरी पेशी जंतूला वेढते, आत घेते, पचवते, उरलेलं बाहेर टाकते. ती मला म्हणाली, "पप्पा, फुफ्फुसात पण अशा पेशी असतात. मग आजोबांच्या पेशींनी धूळ का नाही खाल्ली?" मला उत्तर देता आलं नाही. नातेवाईक म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी पडली असणार, म्हणून गुळवेल, हळदीचं दूध, काढा सगळं चालू आहे. खरंच प्रतिकारशक्ती वाढवली तर या पेशी धूळ काढतील का? आणि आण्णांनी काम सोडून बरेच दिवस झाले, तरी एक्स-रे पहिल्यापेक्षा वाईट का येतोय?

कुणी साध्या मराठीत सांगितलं तर मुलीला वाचून दाखवीन. आण्णांनाही.

बाळूकाका_बुधगाव

आमच्या शेडमध्ये सुट्टीच्या वेळी प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायचे. गुळाने छातीतली धूळ उतरते असं जुनी माणसं सांगायची. आण्णांना रोज द्या. साखर नाही, गूळच.

लॅबताई_मिरज

कुपवाडकर, तुमच्या मुलीने जे विचारलंय ते मला फार मोलाचं वाटतं. मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. या पेशी रोज मायक्रोस्कोपखाली बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलीला पहिली गोष्ट ही सांगा की आजोबांच्या पेशींनी धूळ खाल्ली. खोल आत पोचलेले बहुतेक कण खाल्ले. गिळण्यात त्या कुठेच कमी पडल्या नाहीत. अडलं ते पुढे, पचवण्यापाशी. गिळणं आणि पचवणं ही पेशीची दोन वेगळी कामं आहेत. पुस्तकातली आकृती ती एका बाणाने जोडून टाकते, त्यामुळे वाटतं की एक झालं की दुसरं होणारच.

आधी सगळं सुरळीत होतं तेव्हा काय दिसतं ते सांगते. गळवाचा पू आला की त्याचा थेंब काचपट्टीवर पसरवून ग्राम स्टेन करतो, म्हणजे जंतू उठून दिसावेत म्हणून रंगवतो. ऑइल इमर्शन लेन्सखाली पट्टी सरकवत गेलं की गुलाबी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, दिसतात, आत केंद्रकाचे तीन-चार तुकडे एकमेकांना बारीक दोऱ्याने जोडलेले. आणि काही पेशींच्या आत, केंद्रकाच्या बाजूला, जांभळ्या ठिपक्यांचा घोस दिसतो. ते जंतू. बाहेरही असतात, पण आतले बघितले की मी थोडा वेळ थांबते. इतकी वर्षं झाली तरी थांबते. तिथे काचेवर ती पेशी काम करता करता धरली गेलेली असते.

ती गिळते कशी? आधी तिला वास लागावा लागतो. जंतूंपासून सुटणारे प्रथिनांचे तुकडे, जखमी भागातून निघणारी रसायनं, रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या, जंतूंविरुद्ध काम करणाऱ्या प्रथिनांचे तुकडे यांचं प्रमाण जिकडे वाढत जातं तिकडे पेशी सरकते. जवळ गेल्यावर ओळख पटावी लागते. पेशीच्या बाहेरच्या आवरणावर रिसेप्टर असतात. काही थेट जंतूच्या भिंतीवरची साखर किंवा मेद ओळखतात, काही जंतूला चिकटलेल्या अँटिबॉडीला पकडतात. अँटिबॉडीने माखलेला जंतू फार पटकन गिळला जातो, लसीचा एक मोठा फायदा हाच. रिसेप्टर चिकटले की आतल्या बाजूला ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे तयार होतात आणि ते आवरणाला बाहेर ढकलतात. आवरण कणाच्या दोन्ही अंगांनी चढत जातं, पलीकडे मिळतं आणि मिटतं. आता कण पेशीच्या आत आहे, पण पेशीच्याच आवरणाच्या एका बंद पिशवीत आहे. तिला फॅगोसोम म्हणतात.

पचन या पिशवीत होतं. पिशवीच्या भिंतीतले पंप आत हायड्रोजन आयन भरत राहतात आणि अर्ध्या-एक तासात आतला पीएच ७ वरून ५ च्या आसपास, कधी त्याहूनही खाली जातो. मग लायसोसोम नावाच्या छोट्या पिशव्या येऊन तिला मिळतात. क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांनी १९५५ मध्ये लायसोसोम दाखवले, त्यांना १९७४ मध्ये नोबेल मिळालं. यांत पन्नासच्या वर एन्झाइम असतात : प्रथिनं तोडणारी, मेद तोडणारी, साखरेच्या साखळ्या तोडणारी, डीएनए तोडणारी. न्यूट्रोफिल तर याशिवाय ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्यापासून हायपोक्लोरस आम्ल बनवतं, म्हणजे ब्लीचिंगचं पाणी जंतू मारतं ते ज्या रसायनामुळे, तेच. ते बनवणारं एन्झाइम हिरवट असतं. पुवाला हिरवी झाक येते ती त्याच्यामुळे.

ही ताकद किती आहे बघा. आपल्या अंगातल्या जुन्या झालेल्या लाल पेशी प्लीहा आणि यकृतातल्या मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या भक्षक पेशी गिळतात (फुफ्फुसातही याच असतात), रोज सुमारे २०० अब्ज. त्यातलं हिमोग्लोबिन सुटं करून लोह परत वापरायला देतात. तुमच्या, माझ्या, आण्णांच्या अंगात हे आत्ता चालू आहे.

आता वाळूकडे येऊ. वर जी एन्झाइम सांगितली, ती सगळी सजीवांच्या मालाची आहेत. जंतू म्हणजे प्रथिनं, मेद, साखर, डीएनए. वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, सिलिकाचे स्फटिक : सिलिकॉन आणि ऑक्सिजन. तो बंध तोडणारं एन्झाइम माणसाच्या अंगात नाही. आम्लाने विरघळेल म्हणावं तर आमच्या लॅबमध्ये आम्ही हायड्रोक्लोरिक ॲसिड काचेच्या बाटलीतच ठेवतो, आणि काच बनते वाळूपासून. बाटलीला त्या कडक आम्लाने काही होत नाही, तर पेशीतल्या पीएच ५ च्या आम्लाने कणाला काय होणार?

इथपर्यंत असतं तरी चाललं असतं. न पचलेला कण पेशीत पडून राहिला असता. पण क्वार्ट्झ नुसता पडून राहत नाही. त्याचा पृष्ठभाग पिशवीच्या आवरणाला इजा करतो आणि पिशवी फाटते. आतली एन्झाइम पेशीच्या अंगात सांडतात. पेशीच्या आत अशा बिघाडाची खबर घेणारी एक प्रथिनांची जुळणी असते, एनएलआरपी३ इन्फ्लमासोम. सिलिकाचे स्फटिक तिला चालू करतात हे २००८ मध्ये एकाहून जास्त प्रयोगशाळांनी दाखवलं. ती चालू झाली की पेशी इंटरल्युकिन-१ हे सुजेचा संदेश देणारं प्रथिन बाहेर सोडते आणि आणखी पेशी त्या जागी बोलावते. मूळची पेशी मरते. कण जसाच्या तसा बाहेर पडतो. नवी पेशी येते, तो कण गिळते, तिची पिशवी फाटते, ती मरते. तोच कण पुन्हा मोकळा.

दर वेळी त्या जागी सूज येते, आणि सूज आली की फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन, म्हणजे जखमेच्या व्रणातलं चिवट धाग्यांचं प्रथिन, घालतात. कोलॅजनची एकावर एक वेटोळी चढत जाऊन मध्ये गाठ तयार होते. बायॉप्सीच्या स्लाइडवर ती अगदी कापलेल्या कांद्यासारखी दिसते. सीटीवर आण्णांच्या छातीत, बहुतेक वरच्या भागात, जे बारीक ठिपके दिसले असतील ते हे. त्या जागी श्वासाची देवाणघेवाण होत नाही, म्हणून दम लागतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं. आण्णांनी काम सोडलं तेव्हा नवी धूळ थांबली, पण आत गेलेले कण तिथेच आहेत आणि त्यांना गिळायला नव्या पेशी येतच आहेत. म्हणून काम सुटल्यावरही आजार पुढे सरकू शकतो.

आणि नातेवाइकांना प्रेमाने पण ठाम सांगा, की आण्णांची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही. छातीत झालेलं नुकसान हे त्या पेशींच्या चिकाटीतून झालंय. काढ्याने पेशी आणखी जोमाने गिळायला लागल्या असं क्षणभर धरलं तरी नवं एन्झाइम कुठून येणार? बाळूकाका, तुमच्या शेडमधली जुनी माणसं आपुलकीने द्यायची हे मला माहीत आहे, पण गूळ अन्ननलिकेने पोटात जातो. फुफ्फुसाच्या गाठीतला कण त्याने निघत नाही. गूळ दिला म्हणून मास्क आणि धूळ ओढणारा पंखा द्यायचं राहून गेलं, असं किती ठिकाणी झालं असेल याचा मला फार त्रास होतो.

कुपवाडकर_७

ताई, दोनदा वाचलं. मग आण्णांना वाचून दाखवलं. ते "म्हणजे माझ्या अंगाने आळस केला नाही" एवढंच म्हणाले आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचायला लावलं.

अजून दोन शंका. एक, कृष्णेच्या वाळवंटात आम्ही लहानपणी दिवसदिवस खेळलोय, नाकातोंडात वाळू गेली. घाटावरच्या कुणाला हा आजार झाल्याचं ऐकलं नाही. दोन, आईने आयुष्यभर चुलीचा धूर घेतला. तिच्या पेशींनी पण काजळी गिळली असणार ना? तिला हे का नाही झालं?

लॅबताई_मिरज

पहिल्याचं उत्तर मापात आहे. लाल पेशी ७ मायक्रॉनची असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आम्ही स्लाइडवर बाकी सगळं तिच्याशी ताडून बघतो. नदीची वाळू बोटाला खरखरीत लागते, म्हणजे तिचा कण शेकडो मायक्रॉनचा. तो नाकात, घशात अडकतो. श्वासनळीच्या आतल्या बाजूला चिकट स्राव आणि बारीक लव असते, ती लव सतत वर ढकलत असते, तिथवर गेलेला कण खोकल्यातून पडतो नाहीतर गिळला जातो. फुफ्फुसाच्या टोकाशी असलेल्या हवेच्या बारीक पिशव्यांत, वायुकोशांत, लव नाही. तिथे पोचतो तो साधारण ५ मायक्रॉनपेक्षा लहान कण, लाल पेशीहूनही बारीक, डोळ्याला न दिसणारा. आण्णांच्या भुवयांवर दिसायची ती धूळ त्रासदायक होती, पण छाती बिघडवली ती न दिसणाऱ्या धुळीने. ग्राइंडरखाली दाणा फुटतो तेव्हा ती तयार होते. शिवाय ताज्या फुटलेल्या क्वार्ट्झचा पृष्ठभाग जुन्यापेक्षा जास्त उपद्रवी असतो. नदीतला दाणा पाण्यात घासून गोल झालेला, ग्राइंडरखालचा नुकता फुटलेला. रुमालातून हे कण आरपार जातात.

काजळीबद्दल. हो, आईच्या पेशींनी गिळली. कार्बनही पचत नाही. पण तो क्वार्ट्झसारखा पिशवी फाडत सुटत नाही, बराचसा पेशीत काळा ठिपका म्हणून बसून राहतो. काचपट्टीवर पसरलेल्या थुंकीत असे काळे दाणे भरलेले मॅक्रोफेज दिसले की आम्हाला उलट समाधान वाटतं, कारण नमुना खरोखर छातीतून आलाय, नुसती लाळ नाही, याची ती खूण असते. याचा अर्थ चुलीचा धूर निरुपद्रवी असा मुळीच घेऊ नका. त्याने श्वासनळ्या खराब होतात, दम्यासारखा कायमचा आजार जडतो. आईला खोकला असेल तर तिचीही तपासणी करा. फक्त तो रस्ता वेगळा आहे.

तासगावची_लेक

ताई, तुमचं वाचून एकदम आजीचा हात डोळ्यासमोर आला. तिच्या मनगटावर तुळशीचं गोंदण आहे, लग्नाआधीचं. नव्वदीला आली तरी निळसर हिरवं तसंच आहे. कातडी सुरकुतली, गोंदण गेलं नाही. तिथल्या पेशींनी ते खाल्लं का नाही?

लॅबताई_मिरज

खाल्लं, म्हणूनच टिकलं. गोंदणाचा रंग म्हणजे बहुतेक काजळी. सुईने ती कातडीच्या आतल्या थरात गेली की तिथले मॅक्रोफेज लगेच कण गिळतात, पचवू शकत नाहीत आणि रंग पोटात घेऊन जागेवर बसतात. या पेशी आजीच्या वयाइतक्या जगत नाहीत. जुनी मेली की रंग सुटतो आणि शेजारची किंवा नव्याने आलेली पेशी तो लगेच उचलते. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदून हे दाखवलं. त्यांनी रंग धरून बसलेल्या पेशी मुद्दाम मारल्या, तरी गोंदण हललं नाही, कारण नव्या पेशींनी रंग तिथल्या तिथे पुन्हा गिळला होता. म्हणजे सिलिकोसिसमध्ये जे घडतं त्याचाच हा दुसरा, निरुपद्रवी प्रकार. कण तितकाच टिकाऊ, पण पेशीला न फाडणारा.

आजीला नमस्कार सांगा.

सातारचे_सर

मी साताऱ्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. कुपवाडकरांच्या मुलीसाठी दोन गोष्टी.

हा सगळा विषय सुरू झाला तो एका काट्याने. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉव्ह हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ समुद्रातल्या तारामाशाच्या अळ्यांवर काम करत होते. अळी पारदर्शक असते, आत पेशी फिरताना दिसतात. घरचे सगळे सर्कस बघायला गेले होते. मेचनिकॉव्ह एकटे मायक्रोस्कोपवर बसले असताना त्यांच्या मनात आलं, की या फिरत्या पेशी अंगात शिरलेल्या परक्या वस्तूकडे धावत असतील का? त्यांनी बागेतले काटे आणून अळ्यांमध्ये टोचले. सकाळी बघितलं तर काट्याभोवती पेशींची दाटी झाली होती. पुढे पाणपिसवांमध्ये बुरशीचे बीजाणू गिळले जाताना त्यांनी पाहिले. १९०८ चं नोबेल त्यांना पाउल एर्लिक यांच्याबरोबर मिळालं.

इथे मुलीला एक विचारा. मेचनिकॉव्ह यांनी पहिल्यांदा वापरला तो काटा होता, जंतू नव्हता. पेशींना तो काही गिळता आला नाही, त्या नुसत्या त्याच्याभोवती जमल्या. तिच्या आजोबांचा आजार ज्या कोड्याशी जोडलेला आहे ते पहिल्याच प्रयोगात समोर होतं : पेशी येतात, पण आलेली वस्तू त्यांच्या आवाक्यातली असेलच असं नाही. ॲस्बेस्टॉसच्या लांब तंतूंचं असंच होतं. तंतू पेशीपेक्षा लांब, मिठी पुरी होत नाही, पिशवी मिटत नाही, आणि त्या अर्धवट उघड्या पिशवीतून एन्झाइम बाहेर सांडतात.

दुसरी गोष्ट करून बघण्याची. रक्तातल्या पेशींवर प्रयोग शाळेत करता येत नाहीत आणि करूही नयेत. पण आत घेतलेला घास आंबट होत जातो हे पॅरामेशियम या तळ्यातल्या एकपेशीय जीवात मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी दिसतं. मी दर वर्षी करतो. मंगळवार तळ्याचं पाणी आणतो, त्यात थोडा कडबा टाकून काही दिवस झाकून ठेवतो, पॅरामेशियम भरपूर होतात. चिमूटभर यीस्ट काँगो रेड या आम्लात रंग बदलणाऱ्या रंगात उकळून घ्यायचं, गार झालं की टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच त्या थेंबात मिसळायचं, कापसाचे दोन-तीन धागे टाकायचे म्हणजे प्राणी पळत नाहीत. लाल यीस्ट आत जातं, गोल अन्नपुटिका तयार होते, आणि काही मिनिटांत ती लालची जांभळी आणि मग निळी होते. काँगो रेड पीएच ५ च्या वर लाल असतो, ३ च्या खाली निळा. पॅरामेशियम मॅक्रोफेजपेक्षा जास्त आंबट जातो आणि त्याची खाण्याची जागा ठरलेली असते, हे फरक सांगावेत. पण मुलं रंग बदलताना बघतात तेव्हा वर्गात जी शांतता होते ती मला कुठल्याही व्याख्यानाने कधी मिळाली नाही. त्यानंतर मी विचारतो, यीस्टऐवजी काचेचा चुरा आत गेला तर? आता यापुढे आण्णांचीही हकीकत सांगीन, नाव-गाव न घेता, तुमची परवानगी असेल तर.

कुपवाडकर_७

परवानगी काय, जरूर सांगा सर. आण्णांना विचारलं, ते म्हणाले फाउंड्रीत जाणाऱ्या पोरांना तर आधी सांगा.

सेफ्टीवाला_इस्लामपूर

मी निवृत्त सेफ्टी ऑफिसर. विषयाला जोडून थोडं. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आहे. निदान करणाऱ्या डॉक्टरांनी तो सरकारच्या मुख्य निरीक्षकांच्या कार्यालयात लेखी कळवायचा असतो. डॉक्टरांना नम्रपणे विचारा की कळवलंय का, आणि त्याची प्रत मागा. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात होता का ते जुन्या पगारपत्रकांवर बघा, कारण व्यवसायामुळे झालेल्या आजारांत हा मोडतो आणि त्याचा लाभ मागता येतो. हजेरी कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफचा नंबर, जे जे असेल ते एका फाइलमध्ये लावा. सोबत काम केलेल्या दोघा-तिघांची नावंही लिहून ठेवा.

आणि अजून कामावर असलेल्यांसाठी : वाळू झाडण्याच्या जागी पाणी मारता येतं तिथे मारा, ग्राइंडरला धूळ ओढणारी नळी लावून मागा. मास्क त्यानंतर येतो. आधी धूळ जिथे उठते तिथेच धरायला हवी.

कुपवाडकर_७

पगाराच्या चिठ्ठ्या आईने ट्रंकेत जपून ठेवल्यात, आज काढतो.

ताई, शेवटचं विचारतो. डॉक्टर म्हणाले टीबीवर लक्ष ठेवा. आधी टीबी नसताना टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, आता परत टीबीची भीती. घरात सगळे गोंधळलेत. याचा पेशींशी काही संबंध आहे का?

लॅबताई_मिरज

थेट संबंध आहे आणि डॉक्टरांनी सांगितलं ते अगदी खरं आहे.

टीबीचा जंतूही मॅक्रोफेजच गिळतो. पण हा जंतू पिशवीत गेला की ती आंबट होऊ देत नाही आणि लायसोसोमला तिच्यात मिसळू देत नाही. न पचता तिथेच राहतो, वाढतो. निरोगी माणसात टी पेशी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, मदतीला येतात, मॅक्रोफेजला इंटरफेरॉन-गॅमा या प्रथिनातून संदेश देतात, आणि मग मॅक्रोफेज त्या जंतूला मारतात किंवा चारी बाजूंनी घेरून गप्प ठेवतात. हे घेरून ठेवणं वर्षानुवर्षं चालतं, माणसाला पत्ताही नसतो. आपल्याकडे असे गप्प जंतू बाळगणारे लोक फार आहेत. आता ज्या पेशींनी घेराव घालायचा त्याच सिलिका गिळून मरत असतील, तर जंतूला मोकळीक मिळते. म्हणून सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो.

आधीच्या दवाखान्यात गोंधळ झाला त्याचं कारणही समजून घ्या. दोन्हींत गाठी बहुतेक फुफ्फुसाच्या वरच्या भागात येतात, फिल्मवर सारख्या दिसू शकतात. माझं मत विचाराल तर कुणाच्याही बाबतीत नुसत्या एक्स-रेवर टीबीच्या गोळ्या सुरू होऊ नयेत, आधी थुंकी तपासावी. आणि कामाची हकीकत विचारावी. तुमच्या डॉक्टरांनी विचारली, म्हणून निदान झालं. मिरजेत, वानलेसवाडीला सॅनिटोरियम होतं तेव्हापासून, लांबलांबचे छातीचे पेशंट येतात. त्यातल्या किती जणांना "काम काय करता" हे नीट विचारलं गेलं असेल, असं मनात येतं.

तुम्ही एवढं करा. खोकला वाढला, संध्याकाळी ताप यायला लागला, वजन उतरलं, थुंकीत रक्त दिसलं, यातलं एक जरी झालं तरी थांबू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची जनुकीय तपासणी फुकट होते. जंतू औषधाला दाद देईल का तेही तिच्यातून कळतं. नमुना सकाळचा, झोपून उठल्यावरचा पहिला द्या. आधी साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा, मग खोल श्वास घेऊन खोकून काढलेला बेडका हवा, डबीत साधारण चमचाभर. मोकळ्या हवेत, अंगणात उभं राहून द्यायचा, घरात नाही. लाळ भरलेली डबी आली तर आम्हाला ती परत पाठवावी लागते आणि माणसाचा दिवस जातो.

आण्णा विडी ओढत असतील तर ती आजच बंद. न्यूमोनिया आणि फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि मुलीला कळवा की सुट्टीत तिला लॅबमध्ये यायचं असेल तर आमच्या डॉक्टरांना विचारून ठेवते. पूर्वीच्या मलेरियाच्या पेशंटची एक जपलेली स्लाइड आहे, तिच्यात मोनोसाइटने (रक्तातल्या भक्षक पेशीने) गिळलेल्या मलेरियाच्या रंगद्रव्याचे तपकिरी दाणे फार स्वच्छ दिसतात. ती तिला दाखवीन, आणि कुठे बघायचं तेही तिथेच शेजारी बसून सांगीन.